गाढवाचं तात्पुरतं बांधकाम

सुंबुलाने ‘मग?’ म्हणणं थांबवलं तो मंगळवार होता. सोतवोल्दी-आकांना वार पक्का आठवतो. उझबेकिस्तानातल्या मर्गिलानच्या एका कचेरीत तीस वर्षं लोकांचे अर्ज लिहून देण्यात घालवलेल्या माणसाला दुसरं काही आठवो न आठवो, वार आणि आवक क्रमांक आठवतातच.

सुंबुला त्यांची नात. वय सात, इयत्ता दुसरी, पुढचे दोन दात रजेवर. रोज संध्याकाळी ती अंगणातल्या द्राक्षवेलीखालच्या लाकडी तख्तावर येऊन बसायची आणि म्हणायची, "बुवा, गोष्ट." आमच्याकडे आजोबांना बुवाच म्हणतात. बुवा सांगायचे आणि दर दोन वाक्यांनी सुंबुला ‘मग?’ म्हणायची. गोष्ट सांगणाऱ्याला याहून जास्त काही लागत नाही. हार-तुरे, सत्कार, टाळ्या हे सगळं ज्यांना ‘मग?’ मिळत नाही त्यांच्यासाठी काढलेलं आहे.

त्या मंगळवारी मात्र सुंबुला उशीवर डोकं टेकून म्हणाली, "बुवा, गोष्ट संपली की मला उठवा हं."

आकांना लागलं. पण खरं सांगायचं तर दोष पोरीचा नव्हता. आकांचं वळणच अर्जाचं. त्या दिवशीची गोष्ट अशी चालली होती : "उपरोक्त अस्वल मधाच्या मागणीसाठी झाडाजवळ समक्ष उपस्थित झाले असता, मधमाश्या कामकाजाच्या वेळेत जागेवर आढळून आल्या नाहीत." यावर सात वर्षांचं पोर झोपणार नाही तर काय करणार? मोठी माणसंसुद्धा झोपली असती. कचेरीत झोपतही होती.

"पुढल्या गुरुवारी तुमच्या शाळेत आजी-आजोबा गोष्टी वाचायला येणार आहेत ना?" आका म्हणाले. "मी येतो. स्वतः लिहिलेली वाचतो."

सुंबुला ताडकन उठून बसली. "सगळ्यांसमोर? नको ना बुवा. मी काय केलंय तुमचं?"

हे मात्र काळजात रुतलं. आका रागावले, बायकोला हाक मारणार होते, उठून जाणार होते, पण त्याऐवजी त्यांच्या तोंडून एक वाक्य निघून गेलं. कुठून आलं ते त्यांनाही कळलं नाही. ते म्हणाले, "एका गाढवाने मालकाची टोपी घातली, मालकाच्या गळ्यात दोर बांधला, आणि त्याला विकायला बाजारात घेऊन गेलं."

सुंबुला त्यांच्याकडे बघत राहिली. मग हळूच, जणू परत घेता येईल इतक्या हळू, म्हणाली, "मग?"

आता पुढे काय हे आकांना माहीत असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती. ते घाईघाईने म्हणाले, "पुढचं गुरुवारी. वर्गात."

"वचन?"

"वचन."

बुधवारी दुपारपर्यंत दुसरीच्या सगळ्या वर्गाला कळलं होतं, की सुंबुलाच्या बुवांकडे टोपी घालणारं गाढव आहे आणि ते गुरुवारी येणार आहे. नेमकं कोण येणार, बुवा की गाढव, याबद्दल थोडा घोळ होता, पण वाट बघणं चालू झालं होतं. आता मागे फिरायची सोय नव्हती. गुरुवारी वर्ग झोपला, तर सुंबुला पुन्हा कधी तख्तावर येऊन बसणार नाही, हे आकांना स्वच्छ दिसत होतं.

मुलांसाठी लिहिणं सोपं असतं, असं ज्यांना वाटतं त्यांनी ते एकदा करून बघावं. आका बुधवारी सकाळी बसले. टेबल खिडकीशी ओढलं, मग ऊन येतं म्हणून आत ओढलं, मग अंधार पडतो म्हणून पुन्हा खिडकीशी. चार पेनं चालतात का ते पाहिलं. तासाभराने कागदावर एकच ओळ होती : ‘विषय : गाढवाने टोपी परिधान करून बाजारात केलेल्या वर्तनाबाबत.’ बायको इनोबत चहा ठेवायला आली, तिने खांद्यावरून वाचलं आणि काही न बोलता निघून गेली. तीस वर्षं संसार केलेल्या बाईचं न बोलणं हे बोलण्यापेक्षा मोठं असतं.

दुपारी ते शाळेत गेले. वर्गाच्या बाई मोहिदिल यांना आनंद झाला, पण त्या म्हणाल्या, की बाहेरच्या माणसाला वर्गात यायचं तर मोहल्ल्याचं शिक्का मारलेलं पत्र लागतं. पत्र आणि शिक्का म्हटल्यावर आकांना बरं वाटलं. ते आपल्या ओळखीच्या मुलखात आले होते.

सहा-तुती मोहल्ल्याचे अध्यक्ष अब्दुमालिक. अध्यक्षाला आमच्याकडे रईस म्हणतात, पैशाशी त्याचा संबंध नाही. मोहल्ल्यात तुतीची झाडं चारच आहेत, पण सहाची नोंद असल्याने रईस दरवर्षी सहांना पाणी घालून घेतात. उंच माणूस, समोरचे वरचे चार दात सोन्याचे, आणि बोलायला लागला की ऐकणाऱ्याच्या पियाल्यातला चहा गार होतो. त्यांनी आकांचं म्हणणं ऐकून घेतलं, कपाट उघडलं आणि एकेक नमुना बाहेर काढला. लग्नाचा होता, बारशाचा होता, गाय पाळण्याचा होता. गोष्टीचा नव्हता.

"गोष्ट म्हणजे," रईस विचार करून म्हणाले, "तुम्ही काहीतरी उभं करणार. खरं की नाही?"

आकांना ते खरं वाटलं.

"मग तात्पुरत्या बांधकामाचा नमुना चालेल." आणि त्यांनी लिहायला घेतलं. मालकाचं नाव, सोतवोल्दी. बांधकामाचं साहित्य, गाढव एक, टोपी एक. लांबी? आकांनी चार पानं सांगितली. शेजाऱ्यांची हवा किंवा उजेड अडतो का? अडत नाही. गाढव मोहल्ल्यातलं आहे का, आणि असेल तर जनावरांच्या नोंदवहीत ते का नाही, यावर वीस मिनिटं गेली. शेवटी गाढव पाहुणं म्हणून आलंय असं ठरलं. मग आला शेवटचा रकाना : काम एकट्याने करणार की हशारने?

आता हशार म्हणजे काय, हे मर्गिलानमध्ये शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. कुणाची भिंत उभी करायची असो, छप्पर घालायचं असो, सगळा मोहल्ला फुकट राबायला येतो आणि यजमान दुपारी सगळ्यांना ओश, म्हणजे गाजर-मटणाचा पुलाव, पोटभर घालतो. आणि कुणी ‘मदतीला येऊ का?’ असं विचारलं, तर ‘तुमचा हात लागला तर आमचं भाग्य’ असं म्हणायचं असतं. ते म्हणायचं असतं म्हणून म्हणायचं असतं. आकांचे वडील म्हणायचे, आजोबा म्हणायचे. आकाही मान झुकवून, छातीवर हात ठेवून म्हणाले, "तुमचा हात लागला तर आमचं भाग्य."

रईसांनी ‘हशार’वर खूण केली. आका घरी पोचायच्या आत मोहल्ल्यातल्या सगळ्यांच्या फोनवर संदेश पडला होता : ‘रविवारी सकाळी आठ वाजता सोतवोल्दी-आकांकडे हशार. ज्याचे त्याने साहित्य आणावे.’

"दादासी," इनोबत म्हणाली. नवऱ्याला ती नावाने हाक मारत नसे, पोरांचे बाप म्हणूनच मारी. "आपण काय बांधतोय?"

"गोष्ट," आका म्हणाले.

तिने हिशेब घातला : तीस माणसं धरली तर सहा किलो तांदूळ, सहा किलो गाजरं. "तुम्हाला एकट्याला लिहिता येत नव्हती का?" एवढंच तिने विचारलं, आणि गाजरं चिरायला कुणाकुणाला बोलवायचं याच्या विचाराला लागली.

रविवारी आठाला दार वाजलं. पहिला आला रहमोनअली, फावडं आणि ढकलगाडी घेऊन. त्याने संदेश वाचला होता, संदेशात गोष्टीचा उल्लेख नव्हता, तेव्हा त्याची काही चूक नव्हती. "भिंत कुठेय?" त्याने विचारलं. भिंत नाही, गाढवाची गोष्ट आहे, असं कळल्यावर तो फार खट्टू झाला. हशारला येऊन हात बांधून बसणं त्याच्या रक्तात नव्हतं. थोडा वेळ त्याने अंगण न्याहाळलं आणि कोपऱ्यापासून चर खणायला सुरुवात केली. कशासाठी ते त्याने सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही.

बाकीचे तख्तावर बसले, मावेनात तसे जाजमावर बसले. आकांनी घसा साफ करून आपलं वाक्य वाचलं. एका गाढवाने मालकाची टोपी घातली, मालकाच्या गळ्यात दोर बांधला, आणि त्याला विकायला बाजारात घेऊन गेलं. सगळे हसले. आकांना वाटलं, चला, पाया तरी चांगला पडला.

पण पाया पडला, की प्रत्येकाला आपली वीट सुचते.

सुरुवात मुहब्बत-ओपांनी, म्हणजे मुहब्बतताईंनी, केली. चाळीस वर्षं त्यांनी पहिलीला शिकवलं, निवृत्त होऊन सहा झाली, तरी अंबाड्यात लाल पेन खोचलेलं असतं. त्यांनी मुलांसाठी कसं लिहावं हे समजावून सांगितलं. मुलांच्या गोष्टीत कुणी खोटं बोलत नाही, चोरी करत नाही, उलट उत्तर देत नाही आणि उशिरा उठत नाही. आकांनी विचारलं, मग असतं काय? "बोध असतो," ओपा म्हणाल्या. "दर पाच ओळींना एक. नाहीतर मुलं भरकटतात." आणि त्यांनी गाढवाला सकाळी सहाला उठवून दात घासायला लावले.

योल्दोश नानवाला म्हणाला, की गाढवाच्या पाठीवर काही तरी असायला हवं, रिकामं गाढव बरं दिसत नाही. त्याने पाठीवर नानच्या दोन टोपल्या चढवल्या. मग त्याला आठवलं, की गाढव चालताना एखादा नान पालथा पडेल, आणि नान पालथा ठेवणं हा केवढा अपमान. म्हणून त्याने गाढवाला सावकाश, पाय मोजत चालायला लावलं. कोमिल न्हाव्याचं मत पडलं, की गोष्टीत वर्णन हवं. त्याने आयाळीचं वर्णन सांगितलं, आकांनी ते लिहून घेतलं, दीड पान झालं. गाढवाला आयाळ अशी फारशी नसते, असं कुणीतरी पुटपुटलं. कोमिल म्हणाला, माझ्याकडे आलं की असेल.

आणि मग रईस उठले. भाषण लांबलं, त्याचं सार असं, की दोप्पी, म्हणजे आपली नक्षीची टोपी, ही माणसाच्या इज्जतीची वस्तू आहे. बाप मुलाला देतो, जावयाला देतात, पाहुण्याला देतात. ती गाढवाच्या डोक्यावर ठेवायची आणि ते लेकरांना वाचून दाखवायचं? "आणि माणसाची विक्री, सोतवोल्दी-आका? आपल्या मोहल्ल्यात? बाहेर कळलं तर लोक काय म्हणतील?"

टोपी काढण्यात आली. दोर सोडण्यात आला. मालक घरी परत गेला.

तुम्ही म्हणाल, आकांनी विरोध का केला नाही. त्याचं उत्तर हशारच्या नियमात आहे. शेजाऱ्याने लावलेली वीट काढायची नसते. वाकडी असो, फुटकी असो, तो घाम गाळून लावून गेलाय, ती तशीच राहू द्यायची. आमच्याकडे अर्ध्या घरांच्या भिंती यामुळेच वाकड्या आहेत आणि शेजारपण सरळ आहे. यजमानाने स्वतः लावलेली वीट मात्र कुणीही काढावी, त्याबद्दल नियम नाही.

दुपारी ओश झाला. उत्तम झाला. इनोबतच्या हातचा ओश खाऊन माणसं जड झाली आणि जाताना प्रत्येकाने आकांची पाठ थोपटून सांगितलं, की आता गोष्टीत जीव आला. रहमोनअलीचा चर अंगणातल्या तुतीच्या बुंध्यापर्यंत पोचला होता.

बारभाईची खेती, काय लागेल हाती, म्हणतात ते उगाच नाही. संध्याकाळी आकांनी बायकोला सगळी गोष्ट वाचून दाखवली. एक गाढव सहाला उठलं, दात घासले, थोरांना सलाम केला, नान नीट सरळ ठेवून पोचवले, तुतीला पाणी घातलं आणि वेळेवर झोपलं. मध्ये दीड पान आयाळ.

इनोबतने घासलेली कढई पालथी घातली. "दादासी, तुमचं गाढव आता माझ्या भावजयीसारखं झालंय. वाईट काही नाही तिच्यात. पण भेटावंसं वाटत नाही."

"ओनासी, मी टोपी परत घालणार आहे," आका पोरांच्या आईला म्हणाले. "गुपचूप. वाचताना."

पण सोमवारी सकाळी रईस स्वतः आले, चारही पानांवर शिक्का मारला, प्रत्येक पानावर ‘ऐकले, हरकत नाही’ असं लिहिलं, आणि एक प्रत शाळेत पोचवूनही आले. आकांनी आयुष्यभर हीच शिकवण दिली होती, की शिक्का बसलेल्या कागदात काना-मात्राही बदलायची नाही. आता ती शिकवण त्यांच्याच अंगावर उलटली होती. गाढवही गेलं आणि ब्रह्मचर्यही गेलं, अशी त्यांची गत झाली. मंगळवार आणि बुधवार सुंबुला त्यांना रोज विचारायची, टोपी कुठल्या रंगाची आहे. आका म्हणायचे, काळी, पांढऱ्या नक्षीची. खोटं बोलणं मुलांच्या गोष्टीत चालत नसलं, तरी आजोबांना कधी कधी दुसरं काही सुचत नाही.

गुरुवार उजाडला. आका इस्त्रीचा कोट घालून शाळेत पोचले. वर्गात एकोणतीस मुलं, दुसऱ्या रांगेत सुंबुला, केसांना एवढाले पांढरे गोंडे. आणि दार पुन्हा उघडलं. रईस आत आले. त्यांच्यामागून मुहब्बत-ओपा, योल्दोश, कोमिल, आणि आपलं काय काम हे न कळता सगळ्यांबरोबर आलेला रहमोनअली. आपापल्या विटा कशा बसल्यात ते बघायला आले होते. मोहिदिलबाईंनी त्यांना मागच्या बाकांवर बसवलं. सात वर्षांच्या पोरांच्या बाकांवर बसलेल्या मोठ्या माणसांचे गुडघे कानापाशी येतात. पण सगळ्यांच्या चेहऱ्यावर अभिमान होता.

आकांनी वाचायला सुरुवात केली. गाढव सहाला उठलं. मुलं ऐकत होती. गाढवाने दात घासले. मुहब्बत-ओपांनी मान डोलावली. आयाळ सुरू झाली तशी खिडकीजवळच्या एका मुलीने बाकावर नखाने रेघा ओढायला घेतल्या. तिसऱ्या पानावर मागून पाचवा मुलगा झोपला. तो तोंड उघडं टाकून झोपला होता आणि आकांना ते दिसत होतं. नान सरळ ठेवले गेले. तुतीला पाणी घातलं गेलं. सुंबुला बाकाकडे बघत होती, आणि तिचे कान लाल झाले होते.

आका चौथ्या पानावर थांबले. त्यांना अचानक जाणवलं, की पुढचं वाचण्यापेक्षा दुसरं काहीही परवडेल.

शांततेत सुंबुला म्हणाली, वर न बघता म्हणाली, "बुवा, टोपीचं काय झालं?"

आकांनी मागे पाहिलं. रईस. शिक्का. चाळीस वर्षांचं शेजारपण. मग त्यांनी पुढे पाहिलं. दोन पांढरे गोंडे.

"टोपी रईसांनी काढून घेतली," आका म्हणाले.

वर्गभर डोकी वर झाली. सुंबुलाही वर बघायला लागली. "मग?"

आकांनी कागद खाली ठेवले. आणि कागद ठेवल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की पुढचं त्यांना माहीत आहे. ते सगळं रविवारीच घडून गेलं होतं.

"मग काय. टोपी गेलेलं गाढव सहा-तुती मोहल्ल्यात आलं आणि म्हणालं, मला माणूस व्हायचंय. हे ऐकून सगळे हशारला धावले. कोमिलकाकांनी त्याचे कान कापून लहान केले आणि विचारलं, आता माणसासारखं ऐकू येतं का? गाढव म्हणालं, काय?"

पहिलं हसू खिडकीजवळून आलं.

"मुहब्बत-ओपांनी विचारलं, सात सत्ते किती? गाढव म्हणालं, तुम्हाला येत असेल तर मला का विचारता, आणि येत नसेल तर दुसऱ्याला विचारा."

झोपलेला मुलगा उठला. सगळे हसत होते आणि आपण का हसत नाही म्हणून तोही हसायला लागला. आकांचा आवाज वाढला. त्यांना स्वतःलाच गुदगुल्या होत होत्या. योल्दोशने गाढवाला तंदूरमध्ये वाकून बघायला लावलं, त्याची मिशी जळाली, आणि त्याला पहिल्यांदा माणसासारखं शिंकता आलं. रहमोनअली नुसता खणत होता, गाढवाने विचारलं, का खणतोस, तो म्हणाला, मलाही माहीत नाही, पण सुरुवात तर केलीय. मागच्या बाकावर रहमोनअली मोठ्याने हसला, कारण हे शब्दशः खरं होतं.

"आणि मग रईस आले," आका म्हणाले. "ते म्हणाले, माणूस व्हायचं तर कागद लागतो. त्यांनी शिक्का मारून कागद दिला. गाढवाने तो खाल्ला. म्हणालं, कागद बरा होता, पण शिक्का जरा खारट लागला."

एकोणतीस पोरं किंचाळली. पुढच्या बाकावरचा एक मुलगा हसता हसता खाली घसरला आणि तिथेच राहिला. मोहिदिलबाईंनी तोंडाला पदर, म्हणजे ओढणी लावली होती. आकांना आता थांबता येत नव्हतं. गाढवाने रईसांच्या हातातली टोपी उचलली, डोक्यावर ठेवली, सगळ्या मोहल्ल्याच्या गळ्यात एकच लांब दोर घातला आणि थेट गुरांच्या बाजारात नेऊन रांगेत उभं केलं. गिऱ्हाईक आलं. पहिल्यांदा रईसांसमोर उभं राहिलं. त्यांचा जबडा उघडून बघितला.

"गिऱ्हाईक म्हणालं, दात तर सोन्याचे आहेत. पण हा भाषण करतो का? गाढव म्हणालं, करतो. गिऱ्हाईक म्हणालं, तर राहू दे."

आणि मागे खुर्ची नव्हे, बाक सरकल्याचा आवाज झाला. रईस उभे राहिले होते.

हसू एकदम बंद झालं. मुहब्बत-ओपांनी डोळे मिटले. चाळीस वर्षं मुलांच्या मुंजी, म्हणजे आमच्याकडच्या सुन्नतींपासून ते मयतीपर्यंत ज्याच्याबरोबर उभे राहिलो, त्या माणसाला आपण एकोणतीस पोरांसमोर गुरांच्या बाजारात उभं केलं, हे आता आकांच्या डोक्यात शिरलं. सुंबुलाने आजोबांकडे पाहिलं, मग मागे वळून पाहिलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"सोतवोल्दी-आका," रईस म्हणाले. त्यांनी दोन बोटांनी आपली दोप्पी सरळ केली. "मला भर उन्हात बाजारात उभं केलंत. गिऱ्हाईक नाही म्हणालं. सगळा वर्ग बघतोय. आणि तुम्ही इथे गप्प झालात."

त्यांनी बाकावर दोन्ही हात टेकवले.

"मग?" रईस म्हणाले.

आकांना त्यानंतरचं फारसं आठवत नाही, आणि वार-तारीख आठवणाऱ्या माणसाच्या बाबतीत ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. घंटा झाली तेव्हा कुणी उठलं नाही. मुलांना इतकंच आठवतं, की बाजार उठला, तरी सहा-तुतीमधलं कुणीच विकलं गेलं नव्हतं आणि गाढव डोक्याला हात लावून, म्हणजे टोपीला खूर लावून बसलं होतं. परतताना वाटेत मोठी माणसं एकमेकांशी भांडत होती. योल्दोशचं म्हणणं होतं, नुसती गाढवाची मिशी जाळून माझी बोळवण केली. कोमिल विचारत होता, माझ्याकडे गिऱ्हाईक आलंच नाही, असं कसं? मुहब्बत-ओपा आपल्याशीच पुटपुटत चालल्या होत्या, की उलट उत्तर होतं, पण उत्तर म्हणून काही चूक नव्हतं. सुंबुला आकांचं बोट धरून मधोमध चालत होती, आणि ज्या ज्या मैत्रिणीचं घर येई, तिला ओरडून सांगत होती, की हे माझे बुवा.

संध्याकाळी आका तख्तावर बसले होते, सुंबुला शेजारी होती, आणि दार वाजलं. रईस. त्यांनी रहमोनअलीचा चर सांभाळून ओलांडला. इनोबतने त्यात तोवर टोमॅटोची रोपं लावून टाकली होती. रईसांच्या हातात तो बांधकामाचा नमुना होता. त्यांनी तो आकांपुढे धरला. ‘तात्पुरते’ हा शब्द खोडला होता, वर ‘कायमचे’ असं लिहिलं होतं, आणि खोडलेल्या जागी शिक्का होता.

"हरकत एकच आहे," रईस म्हणाले. त्यांचा आवाज जरा खाली आला होता. "मला कुणीच घेतलं नाही, हे बरं दिसत नाही. चार माणसांत राहायचं असतं."

चहाच्या पियाल्यात आकांनी उगीच बोट फिरवलं.

"मी घेते," सुंबुला म्हणाली. "पण भाषण करायचं नाही."

रईसांनी यावर पुष्कळ विचार केला. मग बूट काढले, तख्तावर चढून सुंबुलाच्या पलीकडे मांडी घालून बसले आणि हात मांडीवर ठेवले. "नाही करणार," ते म्हणाले. "सांगा पुढे."

इनोबतने तिसरा पियाला आणून ठेवला. आका दोन वाक्यं बोलले आणि थांबले. दात पडलेल्या बाजूने आणि सोन्याच्या दातांच्या बाजूने एकदमच आलं, "मग?"